ज्युनिअर केजीच्या वर्गात पालक म्हणून तासभर मदतीला बोलावलंय, मुलांकडून काय करून घेऊ?

मीठ घालून मळलेल्या मैद्याचे गोळे न्या आणि मुलांना त्यातून हत्तीसारखे आकार घडवू द्या. चार-पाच वर्षांच्या बोटांना याहून छान काम नाही. 20 मुलांना 4 वाट्या मैदा, 2 वाट्या मीठ, 2 चमचे तेल. पाणी दीड वाटी, तेही थोडं थोडं घालत घट्ट मळा आणि लिंबाएवढे गोळे करा. मुंबईच्या पावसाळ्यात मीठ हवेतला ओलावा ओढतं, रात्री मळलेला गोळा सकाळी हाताला चिकटतो. म्हणून सकाळीच मळा, सोबत मूठभर कोरडा मैदा ठेवा. गव्हाची ॲलर्जी कुणाला आहे का, हे बाईंना आधीच विचारा. बोटाला जखम असेल तर मीठ झोंबतं, त्या मुलाला खडू द्या.

तुमचं मूल तुम्हाला चिकटणारच. गोळे वाटायचं काम त्यालाच द्या. आणि कुणाचाही हत्ती स्वतः करून देऊ नका. एकाला दिलात की वीसही जण हात थांबवून गोळा पुढे करतात.