बँड शोधायचाय? आधी ड्रमर कोण ते बघा

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं. या वेळी बरीच पत्रं एकाच विषयावर आली, म्हणून अख्खा कॉलम स्वतंत्र बँडसाठी, म्हणजे ज्यांच्या मागे ना सिनेमा, ना मोठी कंपनी.

प्रश्न : दादा, वय 46, सोलापूर. कॉलेजला मुंबईत होतो तेव्हा रंगभवनला इंडिपेंडन्स रॉक हा फेस्टिव्हल बघितलाय, झीरो आणि पेंटाग्राम हे बँड म्हणजे जीव की प्राण. आता ॲपवर ऐकतो तर ते फिरून फिरून तीच गाणी लावतं. मला मेटल चालतं, रेगे चालतं, भजनही चालतं, पण ॲपने मला रॉकवाला म्हणून एकदा शिक्का मारलाय तो मारलाय. नवीन बँड शोधू कुठे?

उत्तर : ॲपला काय बोलणार, काल तुम्ही जे ऐकलं तेच ते आज परत ताटात वाढतं. मी तर जॉनर, म्हणजे संगीताचा प्रकार, टाकून शोधणं कधीच सोडलंय. माणसं धरून शोधतो, आणि तुमच्याच आवडीच्या बँडवरून दाखवतो कसं ते.

झीरोचा गिटारिस्ट वॉरन मेंडोन्सा. त्याचा पुढचा उद्योग म्हणजे ब्लॅकस्ट्रॅटब्लूज, शब्द नाहीतच, नुसती गिटार गाते, रात्री उशिरा गाडी चालवताना लावा. त्याच झीरोचा ड्रमर सिड कूटो, तो टफ ऑन टोबॅको बँडमध्ये चक्क गातो, आणि तिथे तुम्हाला रेगेचा झोका मिळेल. पेंटाग्राम म्हटलं की लोकांना फक्त विशाल ददलानी आठवतो पण त्यांचा गिटारवाला रँडॉल्फ कोरिया, त्याने मोनिका डोग्राबरोबर शायर अँड फंक काढलं, ते इलेक्ट्रॉनिक, नाचायचं काम. म्हणजे बघा, तुमच्या जुन्या दोन बँडमधून बाहेर पडलात की नुसतं वाद्य वाजवणारं, रेगे आणि इलेक्ट्रॉनिक अशा तीन वेगळ्या गल्ल्यांत पोचलात, आणि यातलं काहीही "रॉक" टाइप करून सापडलं नसतं. कोण वाजवतंय, रेकॉर्ड कोणी केलं, कोणाच्या गाण्यात पाहुणा म्हणून कोण आलाय, ही नावं वाचायची सवय लावून घ्या. कॅसेटच्या इनलेवर, म्हणजे डबीतल्या कागदावर, आपण ती वाचायचोच की, मोबाईल आल्यावर सोडलं.

आता हे वाचायचं कुठे, तर माझ्या मते बँडकॅम्प या साइटवर. 2008 पासून चालू आहे, बँड स्वतःच तिथे अल्बम विकतात. अल्बमचं पान उघडा आणि गाणं चालू करून खाली या. बहुतेक जण तिथे कोणी काय वाजवलं ते लिहितात, आणि त्याच्याखाली टॅग असतात, त्यात शेवटी साधारण गावाचं नाव असतं. जॉनरच्या टॅगला हात लावू नका, गावाचा दाबा. पुण्याचा दाबलात तर मेटलपासून घरी बेडरूममध्ये बसून केलेल्या हळुवार गाण्यांपर्यंत सगळं एकाच रांगेत येतं, त्यात भंगारही भरपूर असतं हे आधीच सांगतो, अर्धा-अर्धा मिनिट ऐकून पुढे जायचं, लाजायचं नाही. दुसरी गोष्ट माझी जास्त लाडकी आहे. त्याच पानावर छोटे छोटे चौकोनी फोटो दिसतात, हा अल्बम ज्यांनी पैसे देऊन घेतलाय त्यांचे. एकावर बोट ठेवा, त्या माणसाने आजवर काय काय घेतलंय ती सगळी भिंत समोर येते. स्वतःच्या खिशातून पैसे काढून ज्याने डेथ मेटल आणि बंगालची बाऊल लोकगाणी दोन्ही घेतलीत त्याच्या आवडीवर मी कुठल्याही ॲपपेक्षा जास्त भरवसा ठेवतो.

आणि मेटल आणि भजन दोन्ही चालतं म्हणालात म्हणून मुद्दाम सांगतो, मुंबईचा डेमॉनिक रिसरेक्शन, त्यांचा 2017 चा अल्बम दशावतारांवर आहे, मत्स्यापासून सुरू होऊन एकेका अवतारावर एकेक गाणं, तेही घसा फाडून. घरच्यांसमोर लावायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. (त्यांचा गायक साहिल मखीजा यूट्यूबवर स्वयंपाकाचं चॅनलही चालवतो, मेटलवाले घरी काय खातात हा प्रश्न पडला असेल तर.)

अजून एक राहिलंच, फेस्टिव्हलची पोस्टरं. खालून वर वाचायची. वरची मोठ्या अक्षरातली नावं तुम्हाला माहीतच असतात, खरा माल खालच्या बारीक अक्षरात. पुण्यात 2010 ला एनएच7 वीकेंडर सुरू झालं, त्याची जुनी पोस्टरं नेटवर आहेत, ती काढा. तसंच अरुणाचलच्या झिरो गावातला फेस्टिव्हल, 2012 पासूनचा. तो सुरू करणाऱ्या दोघांतला अनुप कुट्टी हा दिल्लीच्या मेनहूपॉज बँडचा गिटारिस्ट, म्हणजे वाजवणाऱ्याच माणसाने बोलावलेले बँड. ईशान्येकडचे कितीतरी बँड मला तिथल्याच याद्यांमधून कळले. तिथे जायलाच पाहिजे असं नाही, यादी घरी बसून ऐकली तरी महिना जातो.

प्रश्न : मी बीएस्सीला आहे, लातूर. माझ्या मैत्रिणी कोरियन ऐकतात, मला आपल्या भाषेतलं काहीतरी वेगळं पाहिजे. मराठीत असे बँड आहेत का गं ताई/दादा (कोण उत्तर देतं माहीत नाही), की सगळे इंग्रजीतच गातात?

उत्तर : दादाच आहे गं, चालेल.

आहेत तर. अभंग रीपोस्ट ऐक, संतांचे अभंग बास, ड्रम्स, गिटारवर. आता अभंगाला गिटार लावली की झालं फ्यूजन असं समजणारे बँड पैशाला पासरी झालेत आणि त्यातल्या बऱ्याच जणांचा मला कंटाळा येतो, कारण चाल तीच, फक्त मागे गोंगाट वाढवलेला. यांच्यात तसं होत नाही, ताल खरोखर नव्याने बसवलेला असतो, बास कुठे थांबतो ते कान देऊन ऐक.

मग स्वदेसी. मुंबईची हिपहॉप टोळी, मराठी, हिंदी, गुजराती असं ज्याला जी भाषा येते त्याने त्यात रॅप करायचं. 2019 मध्ये आरेच्या जंगलावर त्यांनी द वारली रिव्होल्ट केलं, त्यात आरेच्याच पाड्यावरचे प्रकाश भोईर आहेत. यांच्यातलाच सौरभ अभ्यंकर, हंड्रेडआरबीएच नावाने गातो, अमरावतीचा. पुस्तकी मराठीचा तिथे संबंध नाही, ऐकताना कोणीतरी चौकात उभं राहून तुझ्याशी भांडतंय असं वाटतं.

पण कोरियन कळत नसताना मैत्रिणी ऐकतातच ना? मग तू मल्याळम का नाही ऐकत? अवियल बँडचा 2008 चा अल्बम लाव, मल्याळममध्ये दणदणीत रॉक. चेन्नईचं कास्टलेस कलेक्टिव्ह, सिनेदिग्दर्शक पा. रंजित आणि संगीतकार तेन्मा यांनी 2017 मध्ये जमवलेलं, तिथल्या वस्त्यांमधलं गाना संगीत आणि त्यात रॅप आणि रॉक, जातीवर थेट बोलतात, शाहिरी जलसा माहीत असलेल्या मराठी माणसाला ते परकं वाटणारच नाही. बंगळुरूचा परवाज उर्दू आणि काश्मिरीत गातो, परीक्षेच्या आदल्या रात्री नको लावूस, अभ्यास होणार नाही. आणि इंडियन ओशन बँडचं कंदिसा हे गाणं तर केरळच्या सीरियन ख्रिश्चनांची ॲरमेइक भाषेतली प्रार्थना आहे, 2000 सालापासून लाखो लोक एक अक्षर न कळता गातायत.

प्रश्न : फुकट ऐकून या पोरांना काही मिळतं का हो? मी निवृत्त बँक कर्मचारी, नाशिक. (आमच्याकडे बँड म्हणजे वरातीचा, त्याला निदान बिदागी तरी असते.)

उत्तर : साहेब, हिशेब तुम्हाला पटकन कळेल. स्पॉटिफाय या गाण्यांच्या ॲपवर 2024 पासून असा नियम आहे की मागच्या 12 महिन्यांत एखादं गाणं 1000 वेळा ऐकलं गेलं नसेल तर त्या गाण्याची रॉयल्टीच निघत नाही. नवख्या बँडची कितीतरी गाणी याच्या खालीच राहतात. उलट बँडकॅम्पवर गाणी विकली की साइट साधारण 15 टक्के कापते, टीशर्ट वगैरे असेल तर 10, आणि पैसे पोचवणाऱ्या कंपनीचे थोडे चार्जेस, बाकी बँडला. करोनात 20 मार्च 2020 ला त्यांनी एका शुक्रवारी स्वतःचा हिस्साच सोडला, तेव्हापासून वर्षात काही शुक्रवार तसे असतात, घ्यायचं तर त्या दिवशी घ्या. पोरं समोर वाजवत असतील तर मात्र सरळ तिकीट काढा आणि बाहेरच्या टेबलावरून एक टीशर्ट उचला, बऱ्याचदा त्या टेबलामागे बासवालाच उभा असतो.

प्रश्न : वय 52, गिगला, म्हणजे बँडच्या कार्यक्रमाला, एकटीने जायला कसंतरी वाटतं. जाऊ का?

उत्तर : जा की ताई. कानात घालायला बोळे घेऊन जा, साउंडवाल्याच्या टेबलाजवळ उभ्या राहा, आवाज तिथे सगळ्यात नीट ऐकू येतो आणि धक्केही कमी लागतात. आणि वेळेवर पोचा. सगळे मुख्य बँडसाठी उशिरा येतात, पण आधी अर्धा तास जे कोणीतरी अनोळखी वाजवतात ना, त्यांचं नाव फोनमध्ये लिहून घ्या आणि पुढच्या महिन्यात मला कळवा कोण होते ते.