ऑनलाइन कंपन्या कर भरत नाहीत, म्हणून त्यांचा माल स्वस्त असतो का?

ऑनलाइन कंपन्या कर भरत नाहीत असं तुम्ही वाचलंत, ते बहुधा अमेरिकेचं. तिथे जून 2018 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापर्यंत, ज्या राज्यात विक्रेत्याचं दुकान-गोदाम नाही तिथल्या गिऱ्हाइकाकडून विक्रीकर घेण्याची सक्ती त्याच्यावर नव्हती. लोक साहजिकच ऑनलाइन वळले.

आपल्याकडे जुलै 2017 पासून तो प्रश्नच उरला नाही. मोबाइल गोव्यात म्हापशाच्या दुकानातून घ्या नाहीतर भिवंडीच्या गोदामातून मागवा, जीएसटी 18 टक्केच. इथल्या बिलावर तो केंद्र आणि राज्य यांच्यात 9-9 असा फोडलेला असतो, माल राज्याबाहेरून आला की आयजीएसटी म्हणून एकत्र. वस्तू गोव्यात पोचली म्हणजे राज्याचा वाटाही गोव्यालाच. उलट ऑनलाइन विक्री लपवता येत नाही, कारण ऑनलाइन कंपनी विक्रेत्याच्या पैशांतून अर्धा टक्का टीसीएस, म्हणजे आगाऊ कापलेला कर, सरकारकडे भरते. ‘बिल नको असेल तर थोडं कमी करतो’ हे वाक्य बाजारातच ऐकू येतं. मी म्हापशातच हिशेब लिहितो, त्यामुळे यापुढे बोलत नाही!

करामुळे गिऱ्हाईक बदलतं ते कुठे घ्यायचं यात नाही, कधी घ्यायचं यात. 2025 ची चतुर्थी आठवा. 15 ऑगस्टला पंतप्रधानांनी दर उतरणार असं सांगितलं, चतुर्थी 27 ऑगस्टला, आणि नवे दर 22 सप्टेंबरपासून. माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळा-भाज्यांचं, सामान थांबत नाही, मोठा टीव्ही थांबतो. 28 चे 18 टक्के झाल्यावर मूळ किंमत तीच राहिली तर 40,000 चा टीव्ही 36,875 ला पडतो. लोक ‘दहा टक्के वाचले’ म्हणतात, वाचतात आठाच्या आत. नवे दर लागू झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी मोठ्या कंपन्यांचे ऑनलाइन सेल लागले. थांबलेलं गिऱ्हाईक नेमकं तिकडे गेलं असेल, तर ते कराने नव्हे, तारखेने नेलं.

गेस्ट हाऊसवाल्यांचं मात्र वेगळं. पूर्वी ते गीझर, चादरी ऑनलाइन घेताना जीएसटी नंबर आवर्जून टाकायचे, कारण भरलेला कर खोल्यांच्या 12 टक्क्यांतून वजा व्हायचा. आता रोज 7,500 पर्यंतच्या खोलीला 5 टक्के, पण वजावट बंद. म्हणजे एसीवरचे 18 टक्के सरळ खर्चात. अशा माणसाला आता बिलावरच्या नंबराचं कौतुक नाही, तो फक्त शेवटचा आकडा बघतो.