नवं काडतूस घेण्याआधी

.३० सुपर कॅरी या नव्या पिस्तुल-काडतुसाच्या मॅगझिनमध्ये (गोळ्यांच्या पेटीत) नेहमीच्या ९ मिमीपेक्षा एक-दोन गोळ्या जास्त बसतात, हा फायदा खरा आहे. पण आधी बघ, ते किती कंपन्यांच्या पिस्तुलांत मिळतं आणि सरावाची काडतुसं सहज मिळतात का. माझ्या मते निर्णय इथेच होतो, कारण हात बसतो तो भरपूर गोळ्या झाडूनच. आधीच्या नव्या काडतुसांचं काय झालं ते बघ. .४५ गॅप २००३ मध्ये आलं, अमेरिकेतल्या काही राज्यांच्या पोलिसांनी घेतलंही. आज त्याची पिस्तुलं शोधावी लागतात. १९९० चं .४० एस अँड डब्ल्यू (स्मिथ अँड वेसन) हे काडतूस एफबीआयने वापरलं, आणि शेवटी ती ९ मिमीकडेच परतली! ९ मिमीचा धक्का कमी, त्यामुळे पुढच्या गोळीला नेम लवकर सावरतो. वेग-ऊर्जेचे आकडे नंतर बघ. वर्षभर थांब, तोवर हातातल्या पिस्तुलावरच सराव वाढव.