पॅरिस ते रोम, रेल्वेने दोघी

प्रश्न : मी आणि माझी नणंद, दोघीही साठीच्या पुढच्या. सप्टेंबरात पॅरिस (४ रात्री), झुरिच (२), व्हेनिस (२), फ्लॉरेन्स (२) आणि रोम (४) असे रेल्वेने फिरायचे ठरवतोय. युरेल पास (एकाच पासावर युरोपातल्या अनेक देशांत रेल्वेप्रवास) घ्यावा की सुटी तिकिटे? उतरणार पॅरिसला, म्हणजे व्हिसा फ्रान्सचाच ना? नणंदेचे गुडघे दुखतात. — एक वाचक, लातूर

उत्तर : नाही, व्हिसा इटलीचा मागा. शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) ज्या देशात सर्वांत जास्त मुक्काम, त्याच्याकडे मागायचा असतो आणि तुमच्या ८ रात्री इटलीत आहेत. अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो. बोटांचे ठसे द्यायला प्रत्यक्ष जावे लागते, तेव्हा दोघींनी एकाच दिवसाची वेळ घ्या, लातूरहून एकच खेप होईल. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोचा हवा.

पास घेऊ नका. साठीपुढच्यांना त्यात १० टक्के सूट आहे खरी, पण तुमच्या चारही टप्प्यांच्या गाड्यांना आरक्षण सक्तीचे आहे आणि पास असला तरी त्याचे पैसे वेगळे मोजावे लागतात. जर्मनी-ऑस्ट्रियात मनाला येईल तिथे उतरणाऱ्यांना पास परवडतो. तुमच्या तारखा पक्क्या आहेत.

सुट्या तिकिटांचे भाडे मात्र विमानासारखे चढत जाते. विक्री साधारण ३-४ महिने आधी उघडते, वेटिंग लिस्ट नसते. सर्वांत स्वस्त तिकीट त्याच गाडीला चालते आणि बहुधा रद्द करून पैसे परत मिळत नाहीत. म्हणून व्हिसाचा अर्ज मार्च-एप्रिलमध्येच टाका. व्हिसा हाती आल्यावर स्वस्त तिकिटे काढा.

झुरिच-व्हेनिस प्रवासात बहुधा मिलानला गाडी बदलावी लागेल. शक्यतो दोन्ही गाड्यांचे मिळून एकच तिकीट घ्या. तुकड्यांत घेतले आणि पहिली गाडी उशिरा पोचली, तर दुसरे तिकीट वाया जाते. तसेच घ्यावे लागले, तर मध्ये दीड तास ठेवा.

आता गुडघे. पॅरिसहून झुरिचची गाडी ‘गार द लियों’ स्टेशनवरून सुटते (लियों शहराशी गल्लत नको) आणि सुमारे ४ तास घेते. प्लॅटफॉर्म क्रमांक साधारण २० मिनिटे आधी लागतो, दारे सुटण्याच्या २ मिनिटे आधी बंद होतात. दोन गाड्या जोडलेल्या असल्या तर लांबी ४०० मीटर भरते. तुमचा डबा पार पुढे असला तर तेवढे चालणे आले. हमाल मिळत नाहीत. दोघींनी एकेकच चाकांची बॅग न्यावी, स्वतःला उचलता येईल एवढीच. युरोपीय संघात स्टेशनवरची मदत, अगदी चाकाच्या खुर्चीसकट, मोफत मिळते. किमान २४ तास आधी कळवावे लागते. हे मागायला संकोच करू नका.

इटलीतल्या फलकांवर नावे तिथल्या भाषेत असतात : फ्लॉरेन्स म्हणजे ‘फिरेंझे’, व्हेनिस ‘व्हेनेत्सिया’. व्हेनिसला ‘मेस्त्रे’ला उतरू नका, ते मुख्य भूमीवर आहे, पुढचे ‘सांता लुचिया’ तुमचे. तिथले पूल पायऱ्यांचे आहेत. हॉटेल वापोरेत्तोच्या, म्हणजे प्रवासी बोटीच्या थांब्याजवळ घ्या.

पॅरिसचे लूव्र संग्रहालय मंगळवारी, फ्लॉरेन्सचे उफीझी कलादालन सोमवारी, व्हॅटिकनची संग्रहालये महिन्याचा शेवटचा रविवार सोडून इतर रविवारी बंद असतात. लूव्रमध्ये चाकाची खुर्ची विनामूल्य मिळते. तरीही रोज दोघींनी सगळे एकत्रच पाहायचा हट्ट धरू नका. एकीने दुपारी विश्रांती घ्यावी, दुसरीने फिरून यावे. मात्र तिकिटांची प्रत आणि हॉटेलचा पत्ता दोघींच्याही फोनमध्ये असू द्या.

शेंगदाण्याची चटणी खुशाल न्या. तूप आणि पेढे नेऊ नका. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे.