सबमर्सिबल मोटर चालू करताच ईएलसीबी पडतो; मोटर बाहेर न काढता दोष कुठे आहे हे कसे ओळखावे?

आपण लिहिले आहे की, चोपडा तालुक्यातील आपल्या केळीच्या बागेत 400 फूट खोल बोअरवर साडेसात अश्वशक्तीची मोटर आहे, स्टार्टरच्या पेटीपासून बोअरपर्यंत 180 मीटर केबल जमिनीखालून गेली आहे, आणि यंदा बसवलेला 100 मिलिअँपिअरचा ईएलसीबी (वीज जमिनीत गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) मोटर चालू करताच पडतो. बागेला पाणी दिल्याच्या दुसऱ्या दिवशी तो लगेच पडतो, पण जमीन सुकलेली असली की मोटर कधी अर्धा तासही चालते. एका वायरमनने ईएलसीबी काढून टाकायला सांगितले आणि दुसऱ्याने मोटर जळाली म्हणून ती बाहेर काढायला सांगितले. मी याच भागात बरीच वर्षे मोटर रिवाइंडिंगचे आणि शेतातील वायरिंगचे काम करतो. माझ्या मते हे दोन्ही सल्ले आज मानू नयेत.

ईएलसीबी काढल्याने गळती थांबत नाही, फक्त ती दिसेनाशी होते, आणि ओल्या वावरात अनवाणी फिरणारा सालदार किंवा चरणारा बैल तिच्या वाटेत येतो. मोटरीबद्दल म्हणाल तर उत्तर आपल्याच प्रश्नात दडलेले आहे. मोटर बारा महिने पाण्यातच बुडालेली असते, त्यामुळे वर बागेला पाणी दिले काय आणि न दिले काय, तिला त्याचा पत्ता लागत नाही. दोष मोटरीत असता तर तो सुक्या आणि ओल्या दिवशी सारखाच दिसला असता. जमिनीच्या ओलीबरोबर जो दोष येतो आणि जातो, तो बहुतेक वेळा जमिनीतल्या केबलमध्येच असतो. अर्थात हा अंदाज झाला. मोजल्याशिवाय कुदळ हातात घेऊ नये.

मोजण्यापूर्वी मेन स्विच पाडून त्याचे फ्यूज खिशात ठेवावेत, कारण शेतीची वीज कधी येईल हे आपल्या हातात नसते आणि मोबाईल स्टार्टर (फोनवरून मोटर चालू-बंद करणारे यंत्र) ऑटोवर राहिला असेल तर मोटर आपोआप सुरू होते. त्यानंतर स्टार्टरमधून बाहेर जाणाऱ्या तिन्ही तारा सोडवाव्यात, फ्यूज परत लावून मोटर न जोडताच स्टार्टर चालू करून पाहावा. तरीही ईएलसीबी पडला, तर दोष पेटीतच आहे. अनेक पेट्यांमध्ये इंडिकेटर दिव्याची एक तार न्यूट्रलऐवजी थेट अर्थिंगला जोडलेली मला सापडली आहे, तेवढी तपासावी. पडला नाही, तर पेटी निर्दोष समजून फ्यूज पुन्हा काढावेत आणि बोअरच्या तोंडाशी असलेला जोडही उघडावा. आता जमिनीतली केबल दोन्ही टोकांनी मोकळी झाली आणि मोटर तिच्या फ्लॅट केबलसह (बोअरमध्ये उतरलेल्या चपट्या केबलसह) वेगळी झाली.

आपण मल्टिमीटरने तपासले आणि काहीच दिसले नाही असे म्हणता, त्यात नवल नाही. मल्टिमीटर काही व्होल्टवर मोजतो आणि केबलवर 415 व्होल्टचा पुरवठा असतो. ओलसर जोड कमी व्होल्टेजला गप्प बसतो आणि पूर्ण व्होल्टेज मिळताच गळू लागतो. इथे 500 व्होल्टचा मेगरच (जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशन मोजणारा मीटर) हवा. तो लावताना सिंगल फेज प्रिव्हेंटर (एखादा फेज गेल्यास मोटर बंद करणारे यंत्र) आणि मोबाईल स्टार्टर जोडलेले राहू देऊ नयेत, नाहीतर तेच जळतील. जमिनीतल्या केबलची प्रत्येक तार अर्थिंगशी मोजावी, मग मोटरीच्या बाजूने तेच करावे. मोटर आणि फ्लॅट केबल मिळून 1 मेगओहमपेक्षा (दहा लाख ओहमपेक्षा) बरेच जास्त दाखवत असतील, तर मोटर काढण्याचे कारण उरत नाही. फेजच्या 240 व्होल्टला 100 मिलिअँपिअर गळण्यासाठी गळतीच्या वाटेचा रोध साधारण 2400 ओहमपर्यंत उतरावा लागतो. म्हणजे जी तार गळते तिचा आकडा बाकीच्या दोन तारांपासून वेगळा ओळखू येतो.

खरी अडचण पुढे आहे, कारण 180 मीटर केबल केळीच्या ओळींखालून उकरायची कोणाचीच तयारी नसते. त्यासाठी ट्रॅक्टरची सुटी केलेली 12 व्होल्टची बॅटरी, हेडलाइटचा एक बल्ब आणि डिजिटल मीटर पुरते. बागेला पाणी दिल्यानंतर, दोष जागा असतानाच ही चाचणी घ्यावी. बोअरच्या टोकाला गळणारी तार आणि एक चांगली तार एकमेकींना पिळून जोडावी, तो जोड जमिनीला टेकू देऊ नये. पेटीच्या टोकाला या दोन तारांमध्ये बल्बसह बॅटरी जोडली की गळणाऱ्या तारेतून दोन-तीन अँपिअर वाहतात. आता पेटीपाशी ओल्या मातीत लोखंडी पहार ठोकून तिच्यात आणि गळणाऱ्या तारेत किती व्होल्ट आहेत ते पाहावे, मग बोअरपाशीही पहार ठोकून त्या पिळलेल्या जोडावर तेच मोजावे. बॅटरीची टोके उलटी करून दोन्ही ठिकाणी पुन्हा मोजावे आणि उणे चिन्ह सोडून सरासरी घ्यावी, कारण माती आणि लोखंड मिळून स्वतःचाही थोडा व्होल्टेज दाखवतात. समजा पेटीपाशी 1.9 आणि बोअरपाशी 0.8 आले, तर बेरीज 2.7, 1.9 भागिले 2.7 गुणिले 180 म्हणजे पेटीपासून सुमारे 127 मीटरवर दोष आहे. केबल सरळ रेषेत नसेल तर केबल पुरलेल्या चारीच्या वळणांप्रमाणे मोजायची फीत धरावी. मधला तुकडा वेगळ्या जाडीच्या तारेचा असेल तर हा हिशेब चुकतो, आणि तिन्ही तारा गळत असतील तर परतीसाठी जमिनीवरून एक वेगळी तार ओढावी लागते.

मागच्या उन्हाळ्यात मी याच रीतीने एका बागेत खूण केली आणि तिच्यापासून तीन हातांवर दीड फूट खोल एक जुना जोड सापडला. टेपवर साखरेची प्लॅस्टिक पिशवी गुंडाळून ती सुतळीने बांधली होती आणि आतले तांबे हिरवे पडले होते. आपल्याकडची काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि भेग पडताना केबलला ताण देते, त्यामुळे असले जोड सैल होतात. पाणी दिले की ओल त्यातच शिरते.

असा जोड सापडला तर त्यावर पुन्हा टेप गुंडाळू नये. तेवढा तुकडा कापून रेझिनचा (ओतल्यावर घट्ट होणाऱ्या रसायनाचा) किंवा हीट श्रिंकचा (तापवल्यावर आवळणाऱ्या नळीचा) जोड द्यावा आणि तो जमिनीवर पेटीत ठेवता आला तर उत्तमच. चारी लगेच बुजवू नका. आधी त्या जागेवर चार बादल्या पाणी ओता, तासाभराने मेगर लावा आणि आकडा टिकला तरच माती लोटा.