वाक्य काय सांगतं आणि वाक्य काय करतं

प्रश्न : मी नोकरी सांभाळून जीमॅटची, म्हणजे एमबीएसारख्या अभ्यासक्रमांच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करते आहे. क्रिटिकल रीझनिंगमधले (छोट्या उताऱ्यातला युक्तिवाद तपासायला लावणाऱ्या भागातले), युक्तिवाद कमकुवत किंवा बळकट करणारा पर्याय निवडा, असे प्रश्न बहुतेक वेळा बरोबर येतात. पण ठळक अक्षरांतल्या वाक्यांची भूमिका ओळखा किंवा लेखक आपला मुद्दा कसा मांडतो ते सांगा, असं विचारलं की शेवटच्या दोन पर्यायांत अडकते आणि नेमका चुकीचा निवडते. माझं शिक्षण मराठी माध्यमातून झालं. इंग्रजी कमी पडतंय का? परीक्षा पुढे ढकलू का?

उत्तर : इंग्रजी कमी पडत असतं, तर बाकीचे प्रश्नही चुकले असते. उतारा तुम्हाला समजतो आहे. अडचण अशी, की या प्रश्नांत उताऱ्याचा अर्थ कळणं पुरत नाही. प्रत्येक वाक्य काय सांगतं, याऐवजी ते तिथे कोणतं काम करतं, हे विचारलेलं असतं. तुमची नजर मजकुरावरच राहते आणि पर्याय तर मजकुराबद्दल बोलतच नाहीत.

एक छोटा उतारा घेऊ. ‘काही नियोजनकारांच्या मते सायकल मार्गांमुळे अपघात कमी होतात. ज्या शहरांत असे मार्ग झाले, तिथे अपघात घटले, असा दाखला ते देतात. पण त्याच काळात त्या शहरांनी वाहनांची वेगमर्यादाही कमी केली होती. तेव्हा अपघात घटण्याचं सगळं श्रेय सायकल मार्गांना देता येणार नाही.’

पहिलं वाक्य दुसऱ्या कोणाचं तरी मत आहे. दुसरं त्या मताचा आधार. तिसरी लेखकाने पुढे आणलेली नवी माहिती आणि चौथा त्याचा स्वतःचा निष्कर्ष. आता लेखक काय मान्य करतो, ते नीट बघा. अपघात घटले, हे त्याला मान्य आहे. सायकल मार्गांचा काहीच उपयोग झाला नाही, असंही तो म्हणत नाही. घट होण्यामागे आणखी एक कारण असू शकतं, एवढंच त्याचं म्हणणं आहे.

म्हणून ‘लेखक आकडेवारीच्या खरेपणावर शंका घेतो’ हा पर्याय चूक. ‘सायकल मार्ग निरुपयोगी असल्याचं सिद्ध करतो’ हाही चूक, कारण तो लेखकापेक्षा चार पावलं पुढे जातो. ‘मान्य असलेल्या घटनेचं दुसरं संभाव्य कारण दाखवून त्यावरून काढलेल्या निष्कर्षाला आक्षेप घेतो’ हा बरोबर. तुम्ही बहुधा पहिल्या दोहोंपैकी एकावर घसरत असाल. लेखक विरोध करतो आहे एवढं लक्षात राहतं, पण नेमका कशाला, हे निसटतं.

याच उताऱ्यातलं दुसरं आणि चौथं वाक्य ठळक असतं, तर ‘पहिलं ठळक वाक्य म्हणजे लेखक खोडत असलेलं मत’ असा पर्याय नक्की दिला असता. मत पहिल्या वाक्यात आहे. ठळक केलाय तो त्याचा आधार आणि तो लेखक खोडतच नाही. अशा पर्यायांचा अर्धा भाग अनेकदा बिनचूक असतो, म्हणून ते खरे वाटतात. दोन ठळक वाक्यांपैकी ज्याची भूमिका तुम्हाला पक्की कळली आहे, त्यावरून आधी पर्याय खोडा. बहुतेक वेळा तो निष्कर्ष असतो.

निष्कर्ष शेवटीच येईल, असं मात्र धरून चालू नका. तो पहिल्याच ओळीत, ‘म्हणून’चा मागमूस नसतानाही येतो. संशय आला की त्या वाक्याला ‘कशावरून?’ असं विचारा. उताऱ्यातलं एखादं वेगळं वाक्य उत्तर देत असेल, तर तुमचं वाक्य निष्कर्ष. पण तेच वाक्य पुढच्या एखाद्या दाव्याला टेकू देत असेल, तर तो मधला निष्कर्ष. हा प्रकार सर्वांत जास्त फसवतो. त्याला आधार असतो आणि तो स्वतःही आधार असतो, त्यामुळे मुख्य निष्कर्ष म्हणून तो सहज खपून जातो.

सराव करताना पर्याय झाकून ठेवा. प्रत्येक वाक्यापुढे त्याचं काम दोन-तीन शब्दांत, मराठीतच लिहा : दुसऱ्याचं मत, आधार, आक्षेप, मधला निष्कर्ष, मुख्य निष्कर्ष. मराठीत विचार करणं हा इथे अजिबात अडथळा नाही, उलट इंग्रजी वाक्याच्या वळणात गुंतून न पडता तुम्ही त्याच्या कामाकडे बघाल. मग पर्याय उघडा आणि त्यातल्या प्रत्येक शब्दासाठी उताऱ्यात बोट ठेवायला जागा आहे का, ते तपासा. ‘सामान्यीकरण’ म्हटलंय? कुठे आहे ते? ‘उदाहरण’ म्हटलंय? दाखवा. सापडलं नाही, तर पर्याय बाद, मग तो कितीही भारदस्त वाटो.

सुरुवातीला घड्याळ लावू नका. हे प्रश्न ज्यात येतात त्या जीमॅटच्या व्हर्बल (भाषिक) विभागात 23 प्रश्नांना 45 मिनिटं, म्हणजे प्रश्नामागे दोन मिनिटांपेक्षाही थोडा कमी वेळ मिळतो, हे मला ठाऊक आहे. पण भूमिका ओळखण्याची सवय लागली की ती वाचतावाचताच ओळखू येते. वेगळा वेळ द्यावा लागत नाही. याचा फायदा तुम्हाला आज जमणाऱ्या प्रश्नांतही दिसेल, कारण गृहीतक शोधायचं तेही आधार आणि निष्कर्ष यांच्यामधल्या फटीतच.

परीक्षा एवढ्यात पुढे ढकलू नका. आधी चुकलेले जुने प्रश्न काढा आणि याच पद्धतीने पुन्हा सोडवा. प्रत्येक चुकीपुढे कारण लिहा : निष्कर्ष चुकला, विरोध नेमका कशाला ते चुकलं, की पर्याय अर्धाच वाचला. त्यानंतर एक पूर्ण सराव परीक्षा वेळ लावून द्या. तिथेही याच प्रश्नांनी गुण खाल्ले, तर तारीख बदलण्याचा विचार करू. तेव्हा ती कारणांची यादी मला जरूर पाठवा.