हिलटॉप हूड्स या ऑस्ट्रेलियन हिप हॉप गटावरचा विकिपीडिया लेख सुधारायचा आहे. नुसत्या चाहत्याने त्यात हात घालावा का?

घाला की. फक्त पुरस्कारांचे तक्ते भरायला जाणार असाल तर राहू द्या. त्यासाठी पुष्कळ लोक टपून बसलेले असतात.

तुमचा प्रश्न वाचला आणि जुनी जखम ठसठसली. २०१० साली मी ॲडलेडला शिकत होतो आणि ब्लॅकवूडला भाड्याने राहत होतो. बेलेअरची गाडी वळणं घेत टेकड्यांवर चढते, तिथलं हे उपनगर. खोली स्वस्त मिळाली म्हणून गेलो. गटातले रॅपर सफा आणि प्रेशर याच भागातल्या शाळेत भेटले आणि गटाच्या नावातला 'हिलटॉप' म्हणजे आपलीच टेकडी, हे नंतर कळलं. त्यांचं 'द नोजब्लीड सेक्शन' हे गाणं मात्र तोवर तोंडपाठ झालं होतं, कारण रात्रपाळीला सोबत असणारा पोरगा गाडीत दुसरं काही लावायचाच नाही. त्या गाण्यात एका बाईचा आवाज आहे. मला वाटायचं, गटातलीच कोणी मुलगी असेल.

आमच्या घरमालकीणबाई सत्तरीच्या. रविवारी सकाळी जुन्या रेकॉर्ड लावायच्या. एकदा मी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होतो आणि आतून तोच आवाज आला. पिळलेला शर्ट हातात घेऊन तसाच आत पळालो. मेलनी नावाची अमेरिकन गायिका, १९६९च्या वुडस्टॉक संगीत महोत्सवात गायलेली. गाणं 'पीपल इन द फ्रंट रो'. हूड्सनी त्याचाच तुकडा उचलून त्यावर गाणं उभं केलेलं. बाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, आधी शर्टाचं पाणी पूस.

त्याच रात्री मी लेखात चार वाक्यं घातली. अकरा मिनिटांत गायब. शेरा एकच, 'संदर्भ?' मी परत घातली आणि लिहिलं, ऐकून बघा. परत गायब. असं तीनदा झालं. मग माझ्या चर्चापानावर ताकीद आली की चोवीस तासांत तीनपेक्षा जास्त वेळा उलटवाउलटवी केलीत तर खातं बंद होईल. खाली माझी वाक्यं काढणाऱ्या गृहस्थाने आणखी एक ओळ टाकली होती, 'तुमचा कान हा संदर्भ होत नाही.'

ही ओळ मला फार लागली. आमचे आजोबा भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. पहिल्या दोन ओळींत चाल कुठली ते सांगायचे आणि कोणी त्यांच्याकडे छापील कागद मागत नसे.

पण मीही हट्टी. नॉर्थ टेरेसवरच्या स्टेट लायब्ररीत दोन शनिवार घालवून जुनी संगीत मासिकं चाळली. एका मुलाखतीत मेलनीचा उल्लेख सापडला. पान क्रमांकासकट संदर्भ दिला, तेव्हा वाक्य टिकलं. म्हणजे पद्धतीच्या बाबतीत त्याचंच बरोबर होतं, हे मान्य. माझी उरलेली तीन वाक्यं मात्र त्याने तरीही उडवली. मी लिहिलं होतं की नोजब्लीड सेक्शन म्हणजे स्टेडियममधल्या सगळ्यात उंचावरच्या, स्वस्तातल्या खुर्च्या. मेलनी गाते पहिल्या रांगेतल्या लोकांबद्दल आणि हूड्स तिचा आवाज थेट त्या वरच्या खुर्च्यांपर्यंत नेतात. उत्तर आलं, 'हे तुमचं मत.' असेल. पण गाणं २००३च्या 'हॉटेस्ट १००'मध्ये, म्हणजे ट्रिपल जे रेडिओच्या श्रोत्यांच्या वार्षिक यादीत, नववं आलं एवढं लिहायचं आणि त्यात ऐकू काय येतं ते लिहायचंच नाही, तर तो लेख नव्हे, रेल्वेचं वेळापत्रक झालं.

म्हणून सांगतो, संगीतावर लिहा. त्यांचा 'द हार्ड रोड' २००६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या अल्बम यादीत पहिल्या क्रमांकावर गेला आणि असा मान मिळवणारा तो पहिला ऑस्ट्रेलियन हिप हॉप अल्बम होता, हे सगळेच लिहितात. दुसऱ्या वर्षी त्यांनी तोच अल्बम ॲडलेड सिम्फनी ऑर्केस्ट्राला घेऊन नव्याने केला. व्हायोलिनं आल्यावर ठेक्याचं काय झालं, हे छापील परीक्षणांतून शोधून लिहा. डिस्कॉग्स, जीनियस वगैरे संगीताच्या संकेतस्थळांचे संदर्भ चालत नाहीत, तिथे कोणीही लिहितं. आरिया म्हणजे तिथल्या रेकॉर्ड कंपन्यांची संघटना, तिच्या जुन्या साप्ताहिक याद्या ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या पँडोरा या वेब-संग्रहात मिळतात. त्या काळी अल्बम प्लॅटिनम म्हणजे ७०,००० प्रती, पण त्या दुकानांत पाठवलेल्या. 'विकल्या' लिहिलंत तर आमच्या मित्रासारखा कोणीतरी टपकणारच.

हो, चाहता चालतो. गटाकडून पैसे घेणारा किंवा त्यांचा नातेवाईक असाल तर चर्चापानावर तसं सांगा आणि बदल दुसऱ्याला करू द्या. गाण्याचे शब्द उतरवून टाकू नका, आणि माणसं हयात आहेत, तेव्हा त्यांच्या घरच्या गोष्टी संदर्भाशिवाय अजिबात नकोत. हे खरं तर सुरुवातीलाच सांगायला हवं होतं. शिवाय मी संपादन सोडून बरीच वर्षं झाली, नियम एकदा स्वतः बघून घ्या.

जुलै २०२५ मध्ये ट्रिपल जे रेडिओने श्रोत्यांच्या मतांवर ऑस्ट्रेलियन गाण्यांची शंभरी काढली, त्यात 'नोजब्लीड सेक्शन' दुसरं आलं. त्या रात्री खूप दिवसांनी लॉगइन केलं आणि त्या गृहस्थाच्या चर्चापानावर लिहिलं, 'आता तरी ऐकलंत का?' उत्तर आलं नाही. मग त्याच्या संपादनांची यादी उघडली. शेवटचं संपादन आठ वर्षांपूर्वीचं होतं, कुठल्याशा तक्त्यातलं.